आत्तासाहेब

त्याचं खरं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तो आमच्याकडे होता तेवढ्या नऊ-दहा महिन्यांत तिसगावात ते एकाही माणसाला धड उच्चारता आलं नाही. पोस्टमननं ते तीन प्रकारे म्हणून पाहिलं आणि शेवटी नुसतं 'अमेरिकेचं टपाल' म्हणून हाक मारायला लागला. मग गावानं आपल्या सोयीनं त्याचं बारसं केलं. नगर जिल्ह्यात अण्णासाहेब, बाबासाहेब, भाऊसाहेब यांना काही तोटा नाही. त्यांत आणखी एकाची भर पडली. आत्तासाहेब.

सत्तर सालचा उन्हाळा संपत आला होता. पुण्यातल्या एका प्राध्यापकांची चिठ्ठी घेऊन तो एका दुपारी नगरहून पाथर्डीला जाणाऱ्या एस.टी.तून उतरला. हडकुळा, उंच, वयानं माझ्याएवढाच, म्हणजे सव्वीस-सत्तावीसचा. मी तेव्हा गावच्या हायस्कुलात इंग्रजी आणि मराठी शिकवत होतो. घरात आई आणि मी दोघंच, पुढची खोली रिकामी, म्हणून चिठ्ठी माझ्या नावानं होती. मराठी तो पुस्तकं वाचून शिकला होता. "आपल्या भेटीने मी अत्यंत आनंदित झालो आहे," असं तो दारातच आईला म्हणाला. आई लगबगीनं आत गेली आणि मला हळूच विचारलं, "ह्यो कोर्टातला हाय का?"

त्याचा विषय होता काळ. मराठी माणूस बोलताना काळ कसा सांगतो, म्हणजे झालेलं, होत असलेलं आणि व्हायचं असलेलं तो क्रियापदांतून कसं दाखवतो, यावर त्याला प्रबंध लिहायचा होता. आमच्या मुख्याध्यापकांनाही हे कळलं. ते म्हणाले की भूत, वर्तमान आणि भविष्य असे तीन काळ आहेत, पाचवीच्या पुस्तकात दिलेत, त्याला अमेरिकेतून यायचं काय कारण? खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

तो एका फार मोठ्या शहरातून आला होता. तिथे म्हणे माणसं जेवणसुद्धा चालता चालता उरकतात. त्याचं चालणं तिथलंच होतं, आणि पहिल्या महिन्यात त्याच्या या चालण्यानं गावाच्या नाकी नऊ आले. आमच्याकडे माणूस भरभर चालला तर त्याला तीनच कारणं असतात: कुणी गेलं, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, नाहीतर कुणी बाळंतीण अडलीय. त्यामुळे हा सकाळी पोस्टात पाकिटं आणायला निघाला की ओट्यावरचा माणूस उठून विचारायचा, "काय झालं?" हा वेग कमी न करता म्हणायचा, "काही झालेले नाही, धन्यवाद." त्यानं संशय आणखी वाढायचा. एकदा पोस्टापर्यंत त्याच्या मागं सात-आठ माणसं जमली, त्यांतल्या एकाच्या हातात काठी होती. पोस्टात पाकिटंच घ्यायची होती हे कळल्यावर माणसं त्याच्यावर चांगलीच चिडली. सावकाश चालायला शिकायला त्याला दीड महिना लागला. मीच त्याला शिकवलं. दर दहा पावलांना थांबून कुणाला तरी 'काय चाललंय' विचारायचं, एवढी साधी युक्ती होती.

आत्तासाहेब हे नाव पडलं ते स्टॅंडवरच्या चहाच्या हॉटेलात. त्याला पाथर्डीला जायचं होतं, गाडी कधी येईल म्हणून त्यानं हॉटेलवाल्याला विचारलं. हॉटेलवाला म्हणाला, आत्ता येईल. हा बसला. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तेव्हा त्यानं खिशातून वही काढली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आत्ता म्हणजे किती?"

हॉटेलवाल्याला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानं बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी त्यांतलाच एक म्हातारा म्हणाला, "आत्ता म्हंजे आत्ता. त्याला किती कसं आसंल?"

त्या दिवसापासून त्याला नादच लागला. पिठाच्या गिरणीत, चावडीवर, सायकलच्या दुकानात, जिथे कुणी 'आत्ता' म्हणेल तिथे हा विचारायचा, आत्ता म्हणजे किती? आणि मग खरंच बसून मोजायचा. गिरणीवाल्याचा आत्ता साधारण दीड तासाचा निघाला. सायकलवाल्याचा आत्ता दुपारी जेवणाच्या आत संपला नाही तर दुसऱ्या दिवसावर जायचा. चावडीवरचा एक आत्ता तो परत जाईपर्यंत चालूच होता.

ऐकलेलं प्रत्येक वाक्य तो पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर उतरवून घ्यायचा. वाक्य, बोलणारा कोण, वय, तारीख, वेळ, आणि पुढे प्रत्यक्षात काय झालं. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ती कार्डं ओळीनं लावलेली असायची. फौजदारसुद्धा इतकं नीट लिहीत नाही. कान तर असा की मी चार शब्द बोललो तर त्यांतला एक कुठे अर्धवट गिळला तेही तो मला सांगायचा. एखाद्यानं 'हाय' म्हटलं की 'हाये', यावर त्यानं माझं जेवण थंड करवलेलं आहे.

शिंप्याचं प्रकरण याच सुमाराचं. त्यानं पायजम्याचं कापड टाकलं. शिंपी म्हणाला, "झालाच म्हणून समजा, उद्या या." आता पुस्तकी व्याकरणाप्रमाणे 'झाला' म्हणजे झाला. भूतकाळ. काम उरकलं. त्यामुळे हा दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला दुकानापुढे हजर. दुकान नऊला उघडलं. कापड काल ठेवलं होतं तिथेच घडी घातलेलं होतं. यानं विचारल्यावर शिंपी जराही न गडबडता म्हणाला, "झालाच हाय की सायेब, निस्ता कापायचा ऱ्हायलाय."

तो घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. मला वाटलं रागावलाय. पण तो कार्डाकडे बघत होता. म्हणाला, "सर, जी गोष्ट सुरूही झालेली नाही तिच्यासाठी आपण भूतकाळ वापरता. जगात हे फार थोड्या भाषांना जमले असेल." मला अभिमान वाटावा की लाज हे कळेना, म्हणून मी अभिमान वाटून घेतला.

पुढे तो आमच्यात इतका मुरला की आम्हीच चकित झालो. पायजमा मिळेपर्यंत त्यानं रोज शिंप्याच्या दुकानात बसायला सुरुवात केली, आणि पायजमा मिळाल्यावरही ते बसणं सुटलं नाही. सकाळी आठाच्या ठोक्याला दुकानापुढे उभा राहणारा तो माणूस 'बघू की' म्हणायला लागला. आईनं जेवायला हाक मारली की आतून आवाज यायचा, "आलोच!" आणि भाकरी पापडासारखी कडक झाल्यावर साहेब पाटावर यायचे. सुरुवातीला आई त्याला 'तुमी' म्हणायची, दिवाळीपर्यंत 'तू'वर आली होती. एकदा ती मला म्हणाली, "आला तवा चांगला हुता रे. तुमी नासवला." मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

दसऱ्याच्या आधी केव्हातरी तो शाळेच्या मधल्या सुट्टीत मला शोधत पळत आला. त्याला पळताना मी पाहिलेली ती शेवटची वेळ. त्याला नियम सापडला होता. तो म्हणाला की एखाद्यावर काम सोपवलं आणि झालं का म्हणून विचारलं, तर तो दोन प्रकारे उत्तर देतो. 'झालं' म्हणाला तर काम झालेलं असतं. 'झालंच' म्हणाला तर झालेलं नसतं. दिलं म्हणजे दिलं, दिलंच म्हणजे अजून द्यायचंय. शंभराच्या वर कार्डं त्यानं तपासली होती, एकदाही चुकलं नव्हतं. 'च' जोर देण्यासाठी असतो असं मी मुलांना शिकवत आलो होतो. याचं म्हणणं, मराठी माणूस जिथे जोर देतो तिथे आत काही नसतं.

मला हे माझ्या डोळ्यांदेखत एका परक्यानं शोधावं याचा थोडा हेवा वाटला, नाही कशाला म्हणू? मी लगेच खोट काढली. म्हटलं, 'शेवटी पाहुणा आलाच' असं आपण म्हणतो, तिथे पाहुणा आलेला असतो. तो म्हणाला, "ती तक्रार आहे सर. मी उत्तराबद्दल बोलतोय." मग त्यानं जे सांगितलं ते मला तेव्हा फार आवडलं. त्याच्या मते हे खोटं बोलणं मुळीच नव्हतं. 'च' लावून माणूस प्रामाणिकपणे कळवतो की काम झालेलं नाही. खोटं बोलायचं असतं तर त्यानं च लावला नसता, आणि च न लावता खोटं बोललेला माणूस त्याला इथे अजून भेटला नव्हता. हे वाक्य तो प्रबंधात घालणार होता.

त्याच्या कार्डांपैकी चौथाई तरी गयाबाईची होती. गयाबाई आमच्या शेतात खुरपायला यायची, गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. चाळिशीची, बोलायला खमकी. तिची वाक्यं ऐकायला हा बांधावर तास तास बसायचा आणि ती त्याला विचारायची, "सायेब, तुमच्या देशात काम न्हाई का?" दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे गयाबाई आणि तिचा नवरा कोयते घेऊन श्रीरामपूरकडे ऊस तोडायला निघाले. जाताना ती आमच्या दारात आली आणि त्याला म्हणाली, "आलेच सायेब. आखितीला हितंच." त्यानं कार्डावर लिहून घेतलं, अक्षय्य तृतीयेपर्यंतचे महिने मोजले आणि हसत मला म्हणाला, "सहा महिन्यांचा च."

तोवर त्याच्या प्रबंधाचं एक प्रकरण लिहून झालं होतं. त्यात त्यानं असं मांडलं होतं की इथलं जीवन संथ आहे, माणसांना घाई ठाऊक नाही आणि म्हणून भाषेतही काळ असा सैल आहे. त्यानं ते मला वाचायला दिलं, मी भाषा सुधारून दिली. आम्हा दोघांनाही ते उत्तम वाटलं होतं.

नाताळच्या सुट्टीत तो म्हणाला, गयाबाईला भेटून येऊ. आम्ही दोघं एस.टी.नं नगरमार्गे श्रीरामपूरला आणि तिथून पुढे बैलगाडीनं फडावर गेलो. ऊसतोडीचा फड मीसुद्धा तोवर जवळून पाहिला नव्हता. मास्तर माणूस, पगार आणि थोडीशी शेती, मला कशाला पाहावा लागतोय? गयाबाईनं आम्हाला बघितलं, हसली, पण हात थांबले नाहीत. नवरा पुढे तोडत होता, ती मागून मोळ्या बांधत होती. यानं वही काढली आणि काहीतरी विचारलं. ती मोळीला गाठ मारता मारता म्हणाली, "आत्ता बोलायला टाइम न्हाई सायेब. गाडी भरायची हाय. आखितीला घरी बसू निवांत."

त्यानं वही खिशात घातली आणि तिच्याबरोबर मोळ्या उचलायला लागला. पाऊण तासात त्याचे हात उसाच्या पातीनं कापले आणि तो बांधावर येऊन बसला. तिनं तेवढ्यात किती मोळ्या बांधल्या ते त्याला मोजता आलं नाही. सबंध फडावर सावकाश चालणारा एक माणूस नव्हता. पाणी प्यायला जाणाराही पळत जात होता. मी त्याच्याशेजारी बसलो होतो, आणि तो माझ्याकडे न बघता फडाकडेच बघत होता.

परतीच्या गाडीत राहुरी मागं पडली. तेव्हा तो म्हणाला, "सर, मी जे लिहिले ते चूक आहे. ही माणसे संथ नाहीत. ती माझ्या शहरातल्या माणसांपेक्षा जोरात पळतात. गावी असताना ती थांबलेली असतात, पाऊस येईल म्हणून, कुणी काम देईल म्हणून. मी त्यांचे थांबणे पाहिले आणि त्याला संथपणा म्हणालो. आपण मला का सांगितले नाही?" मला ते माहीतच नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही. घरी आल्यावर त्यानं ते प्रकरण आणून आईच्या हातात दिलं आणि पाणी तापवायला वापरा म्हणाला. आईनं चार पानं बंबात घातली आणि बाकीची फडताळात ठेवून दिली, कारण कागद चांगला होता.

आता त्याला सगळं नव्यानं करायचं होतं. फडावरून परत आलेल्या माणसांशी बोलायचं, कामाच्या घाईतला काळ आणि थांबलेला काळ ती कशी बोलतात ते टिपायचं. पण त्याची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती आणि माणसं येणार आखितीला, म्हणजे एप्रिल सरता सरता. मुदत वाढवून मिळायला हवी होती. नियम असा की अर्ज जानेवारीच्या अखेरीस त्याच्या विद्यापीठात पोचला पाहिजे. जानेवारीच्या मध्यावर त्यानं तीन दिवस खपून अर्ज लिहिला. तोवर मी त्याला कशासाठी इतका आसुसलेला पाहिला नव्हता. घरी जायची ओढ असायच्या वयात हा इथे राहायला मिळावं म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

पहिल्या महिन्यातला तो असता तर पाकीट घेऊन पळत पोस्टात गेला असता आणि गाव त्याच्या मागे गेलं असतं. पण आता तो आमच्यातला झाला होता. त्यात मी आगाऊपणा केला. म्हटलं, इथून टाकलंत तर ते नगरला पोचायलाच दोन दिवस जातील. मी उद्या पेपर काढायच्या बैठकीसाठी नगरला चाललोय, तिथल्या मोठ्या पोस्टात स्वतःच्या हातानं रजिस्टर करतो. त्यानं विश्वासानं पाकीट माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसाची बैठक पुढे ढकलली गेली. सोमवारी होईल असा निरोप आला. म्हटलं, सोमवार काय लांब आहे? पाकीट मी शाळेतल्या माझ्या कपाटात शब्दकोशाखाली ठेवलं. शनिवारी सकाळी तो शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापकांसकट सगळे बसले होते. त्यानं दारातूनच विचारलं, "सर, पाकीट टाकलं?"

चारचौघांत नाही म्हणायची मला लाज वाटली. आणि सोमवारी टाकायचंच तर होतं. मी म्हणालो, "टाकलं."

तो हसला, मान हलवली आणि गेला. तो खूश झाला होता, कारण मी च लावला नव्हता.

सोमवारी बैठक झाली नाही. मंगळवारी मला थंडीताप आला आणि पाच दिवस मी अंथरुणाला होतो. आजारपणात मला पाकिटाची आठवण झाली नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवण रोज होत होती. तो रोज माझ्या उशाशी येऊन बसायचा, मला मोसंबी सोलून द्यायचा. कपाटाची किल्ली माझ्या उशाखाली होती. 'ते पाकीट तिथे आहे, घेऊन टाका,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग 'टाकलं' म्हणालो त्याचं काय? मी डोळे मिटून पडून राहायचो. बरा झाल्यावर नगरला जाऊन मी पाकीट रजिस्टर केलं, आणि पावती फाडून टाकली.

फेब्रुवारीच्या शेवटी उत्तर आलं. अर्ज मुदतीनंतर मिळाला, त्यामुळे विचार करता येत नाही, पाकिटावरचा शिक्का अमुक तारखेचा आहे. त्यानं ते पत्र दोनदा वाचलं. मी खुर्चीत बसून मुलांच्या वह्या तपासत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. तो आत गेला, एक कोरं कार्ड आणि पेन घेऊन आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला.

मी वाट बघत होतो की हा आता ओरडेल. ओरडला असता तर मलाही काहीतरी ओरडता आलं असतं. तो अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "सर, एक वाक्य नक्की करायचे आहे. त्या शनिवारी आपण मला 'टाकलं' म्हणालात, की 'टाकलंच' म्हणालात? माझी ऐकण्यात चूक झाली असेल."

स्वयंपाकघरात आईच्या हातातला तवा वाजायचा थांबला. ती ऐकत होती.

मी वहीवरून नजर न उचलता म्हणालो, "टाकलंच म्हणालो असेन."

"बरं," तो म्हणाला. त्यानं कार्डावर ते लिहिलं, माझं वय लिहिलं, गाव लिहिलं. पेन थोडा वेळ तसाच धरून बसला. मग उठून कार्ड खोक्यात ओळीनं लावून आला. त्या रात्री जेवताना तो आईशी नेहमीसारखाच बोलला. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मार्चमध्ये तो गेला. शिंपी, हॉटेलवाला, पोस्टमन, अर्धा गाव स्टॅंडवर आला होता. गाडी वेळेवर आली, त्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं. मला त्यानं दोन्ही हातांनी हात दिला आणि "आपला अत्यंत आभारी आहे" म्हणाला. पहिल्या दिवशी दारात वापरलेला तोच 'अत्यंत'. मधल्या दहा महिन्यांत त्यानं तो शब्द माझ्याशी वापरला नव्हता.

आखितीच्या आदल्या दिवशी गयाबाई दारात उभी राहिली. उन्हानं काळी पडलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या. आधी ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आले मी. सायेबाला बोलवा."

मी म्हटलं, साहेब गेले. मुदत संपली, जावं लागलं.

"पन मी सांगून गेल्ते ना आखितीला येते म्हून," ती म्हणाली. "लई दिस मनात जुळवून ठिवलं हुतं, काय काय सांगायचं ते. फडावर बोलता आलं न्हाई तवा त्येंचं त्वांड एवढंसं झालं हुतं." मग ती आईकडे वळून म्हणाली, "आनखी म्हैनाभर ऱ्हायला काय झालं हुतं वो त्यास्नी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं, पण मी आत जाऊन सदरा घातला आणि शाळेला सुट्टी असूनही शाळेत गेलो.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, वस्ती उठली, गयाबाई कुठे गेली ते मला कळलं नाही. मीही बदली होऊन भिंगारला गेलो. सहा-सात वर्षांनी तिथल्या पत्त्यावर एक पार्सल आलं. त्याचं पुस्तक. पातळसं होतं, त्याच्या मनातल्या पुस्तकाच्या निम्मंसुद्धा नसेल. प्रस्तावनेत त्यानं लिहिलंय की ऊसतोडीहून परतणाऱ्या माणसांची बोली नोंदवता आली नाही, हा या अभ्यासातला मोठा दोष आहे आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी लेखकाची आहे.

च वर सबंध एक प्रकरण आहे. नियम दिलाय, आणि त्याखाली स्वच्छ लिहिलंय की च न लावता 'झालं' म्हटलेलं काम झालेलं नाही, असं एकही उदाहरण तिसगावात आढळलं नाही. पुढे च लावलेल्या उत्तरांची यादी आहे. शिंप्याचं वाक्य आहे, गिरणीवाल्याचं आहे, चावडीवरचं आहे. प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ आहे. फक्त शेवटच्या ओळीत तारीख-वेळ नाही. 'टाकलंच. शिक्षक, वय सव्वीस, तिसगाव.'

ज्याच्या कानांतून दहा महिन्यांत कुणाचा एक अर्धा स्वर सुटला नाही, त्याला त्या शनिवारी मी लावलेला च ऐकू आला नसेल, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं. त्या पुस्तकात तीनशेच्या वर वाक्यं आहेत, आणि त्यांतलं कुणीच न बोललेलं वाक्य एक आहे. ते माझं आहे.